पोहऱ्याच्या काठावरची पांढरी रेघ

माझ्या काठाला, जिथे पत्रा आत दुमडला आहे, तिथे एक पांढरी रेघ आहे. केसाहून थोडीशी जाड. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालींनी घासलं की माझं सारं अंग लालसर चमकतं, पण त्या घडीत बोट शिरत नाही, म्हणून रेघ तशीच राहते. ती खाऱ्या पाण्यातल्या क्षारांची आहे. मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा पोहरा, आणि तोही गोड्या विहिरीचा. मग ही रेघ माझ्या अंगावर कशी आली?

मालगुंडला किनाऱ्यालगत श्यामचं घर आहे. त्याच्या आईने मला तांबटाकडून ठोकून घेतलं होतं. विहीर जांभ्या चिऱ्याची. काठावर उभं राहिलं की समुद्राची गाज ऐकू येते, आणि तरी पाणी गोड! सकाळी वाडीतल्या बायका येत. रहाट कुरकुरे, मी खाली जाई, पाण्यावर अलगद कलंडे आणि भरून वर येई. घरची रीत अशी, की दिवसाचा पहिला पोहरा काठाजवळच्या दगडी डोणीत ओतायचा, गुरापाखरांसाठी. माणसांचा नंबर त्यानंतर.

श्यामची बायको उमा शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा तिने आपल्या लेकीला, ओवीला, आणि वाडीतल्या मुलांना माझ्याभोवती बसवलं.

"समजा, पृथ्वीवरचं सगळं पाणी म्हणजे शंभर वाट्या. त्यातल्या साडेसत्त्याण्णव खाऱ्या. उरल्या अडीच. त्यातल्या पावणेदोन बर्फ होऊन बसल्यात. राहिली पाऊण वाटी. ती जमिनीखाली. आपली विहीर त्यातलीच."

"आणि नद्या, तळी?" ओवीने विचारलं.

उमाने माझ्यात बोटं बुडवून ओवीच्या तळहातावर काही थेंब झटकले. "एवढंच."

"म्हणजे आई, आपला पोहरा केवढा श्रीमंत!"

सगळी मुलं हसली. मी मात्र त्या दिवशी जरा जास्तच ऐटीत विहिरीत उतरलो.

अठ्ठ्याण्णव साली विहिरीत पंप बसला. श्यामने घरामागे पोफळींची नवी बाग लावली होती आणि सुपारीच्या त्या झाडांना उन्हाळाभर पाणी हवं असतं. मी पडवीतल्या खुंटीवर गेलो. माझ्यात सुतळी साठली, गंजके खिळे साठले. एकदा तर कोंबडीने माझ्यात अंडी घातली. पिल्लांची ऊब मला आवडली, पण पाण्याचा गारवा तो गारवाच.

पुढे एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. आमच्याकडे सगळे जे करतात तेच श्यामने केलं. त्याने विहीर खोल करायला घेतली.

"अहो, समुद्राजवळ खोल जाऊ नये," उमा म्हणाली. "गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. वरचं उपसत गेलं की खालचं वर चढतं."

"शाळेत शिकव ते. विहीर खणल्याशिवाय पाणी वाढतं काय?"

पाणी वाढलं. पण पुढच्या वैशाखात आमटीतली डाळ शिजेना. शेजारच्या गंगुबाईंनी कळशी कमरेवर घेतली आणि जाता जाता पडवीत ऐकू येईल असं म्हणाल्या, "श्याम, बरं केलंस हो. आता मिठाचा खर्च वाचला आमचा!"

"पावसाळा झाला की बघू, काकी."

पाऊस झाला की पाणी गोड होई, श्याम विसरे, आणि उन्हाळ्यात पुन्हा तेच. उन्हाळ्याचे महिने बायका चढावरच्या विहिरीवर जाऊ लागल्या. गंगुबाई गुडघ्यावर हात टेकत जात. श्याम मान खाली घालून पोफळींना पाणी घाले. हाताने लावलेली रोपं होती ती. प्रत्येक पोफळीपाशी तो घटकाभर थांबे.

मग एका मे महिन्यात गावची डीपी जळाली. वीज गेली ती गेलीच. पंप मुका झाला. उमाने माझ्यातली सुतळी काढली, मला नवा दोर बांधला. पहिले काही दिवस मी खारंच पाणी आणलं. माझी रेघ तेव्हाची. पण विहिरीला विसावा मिळत गेला, तशी वरवर पातळशी गोडी जमू लागली. पंपाची नळी तळातून ओढते. मी वरचंच घेतो, लागेल तेवढं.

एका सकाळी गंगुबाईंनी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि हाक मारली, "श्याम, ये रे इकडे."

उमाने त्याच्यापुढे दोन तांबे ठेवले. एक टाकीत उरलेल्या पंपाच्या पाण्याचा, दुसरा माझा. पहिल्याचा घोट त्याने थुंकून टाकला. दुसरा तांबा तो थांबत थांबत, शेवटपर्यंत प्यायला. मग घरामागे बघत राहिला. पोफळींची पानं टोकाला पिवळी पडली होती.

"पंपाविना मरतील गो त्या," तो हळूच म्हणाला.



"आता तरी काय ते ठरव रे," गंगुबाई म्हणाल्या. "'बघू, बघू' ऐकून माझे गुडघे गेले."

मित्रांनो, ती पाऊण वाटी वाढवता येत नाही. ती फक्त जपता येते. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच हे ओरडून सांगितलं असतं.

श्यामने दोर हातात घेतला. मला खाली सोडलं, भरून वर ओढलं आणि सगळं पाणी डोणीत ओतलं. एक कावळा लगेच काठावर उतरला.

"वीज आली तरी पंप चालू करायचा नाही," श्याम म्हणाला. "बाहेर काढू तो. जगतील तेवढ्या पोफळी पोहऱ्यावर जगवू."