हुंकार देणारी

एकोडी गावात गोष्ट एकट्याने सांगता येत नाही. समोर हुंकार देणारा लागतो. प्रत्येक वाक्यामागे त्याने ‘हूं’ म्हणायचे. हूं थांबला की सांगणाऱ्यानेही थांबायचे. आणि अर्धी गोष्ट कुणी ठेवू नये, तिच्यातला माणूस वाटेतच अडकून पडतो, असे जुनी माणसे सांगत.

कौशल्याबाईचा नेपोलियन असाच बर्फात अडकला होता.

म्हातारपणी साक्षरता वर्गात ती आणि शेजारची पंचफुला बरोबरच अक्षरे शिकल्या. पंचफुलाची नजर अधू, म्हणून वाचायचे कौशल्याने आणि हुंकार द्यायचा पंचफुलाने. वर्गाच्या पेटीतून फ्रान्स देशाच्या क्रांतीचे एक पातळ पुस्तक हाती आले, आणि दोघी दुपारी जेवून पडवीत बसू लागल्या. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो म्हणतात. पंचफुला म्हणाली, "आपले मामे कवाचेच मसनात गेले. आता कोन चुकते वाट? वाच तू."

भाकरीसाठी तिथल्या बाया भर पावसात राजाच्या महालावर चालून गेल्या, हे ऐकून ती खूश झाली.

"आपनही गेलतो ना तहसीलवर, धानाच्या रोवण्याच्या मजुरीसाठी."

"तवा साहेब जेवाले गेलते."

"त्यायचा राजा घरी सापडला. नशीब लागते."

राजाचे डोके उडवले तेव्हा मात्र तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग एक फौजी वर चढत चढत बादशहा झाला, आणि भली मोठी फौज घेऊन रशियात शिरला. बर्फ पडू लागला.

"धान कापाच्या टायमाले कोनी घर सोडते काय," पंचफुला म्हणाली. "गेला आता तो."

त्याच आठवड्यात तिचे अर्धे अंग गेले. मुलगी रिता येऊन तिला नागपूरला घेऊन गेली. दाराला कुलूप लागले.

कौशल्याबाईच्या घरात दुसरे कुणी नव्हते. एका माणसाचा भात शिजायला वेळ लागत नाही. मग वेळच वेळ. तिने एकटीने वाचून पाहिले, हूंही स्वतःच दिला. तो आवाज ऐकून तिलाच कसेसे झाले. गल्लीतल्या बेबीबाईला बसवून पाहिले. ती म्हणाली, "मले आधीचं काही माईत नाही. अन् मेला तर मेला, तुमचा कोन लागते तो?"

पुस्तक कोनाड्यात गेले.

धान लोंबीवर आले तेव्हा रिताचा फोन आला. "मावशी, मायची वाचा गेली. दिवसभर खिडकीकडे पाहून नुसतं हूं हूं करून राहिली. काहून करते, समजत नाही. तिसऱ्या माळ्यावर कोनी बोलाले पन येत नाही."

कौशल्याबाईने कोनाड्याकडे पाहिले. मग म्हणाली, "फोन तिच्या कानाले लाव. थांब, मले पुस्तक घेऊ दे."

तिने बर्फापासून सुरुवात केली. घोडे पडले. हूं. माणसे पडली. हूं. बादशहा कसाबसा घरी आला, पुन्हा लढला, हरला. हूं, हूं. मग शत्रूंनी त्याला जहाजात घालून दूरच्या बेटावर नेऊन ठेवले. चारही बाजूंनी पाणी. आपले माणूस जवळ नाही.

हूं जरा उशिरा आला.

पुढची ओळ कौशल्याबाईने मनात वाचली. तो तिथेच, त्या बेटावरच मेला. तिने त्या ओळीवर अंगठा ठेवला आणि पान उलटले. पुढे होते की पुष्कळ वर्षांनी त्याच्या लोकांनी त्याची शवपेटी जहाजातून परत आणली, आणि कडाक्याच्या थंडीत सारे शहर बघायला उभे राहिले. पेटीचे तिने वाचले नाही.

"मंग त्याचे लोकं जहाज घेऊन गेले, अन् त्याले घरी घेऊन आले. लय लोकं जमले होते. झाली गोष्ट."

गोष्ट झाली म्हटल्यावर हुंकार नसतो. रीतच तशी आहे. फोनवर पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"हूं."

"झाली, पंचफुले."

"हूं," पुन्हा, जरा जोरात.

त्या हूंला पुढचे हवे होते. पुस्तकात पुढे कोरे पान होते. कौशल्याबाईने ते मिटले आणि शेजारच्या कुलुपाकडे पाहिले.

"मंग," ती हळू म्हणाली, "एकोडीत धान लोंबीवर आलं. तुया दाराले कुलूप आहे, पन सडा मी रोज टाकतो."

"हूं."