केटेलला खांदा

केटेल गेला तो ऐन फेब्रुवारीत. म्हणजे आळीत चिटपाखरू नसताना. आयुष्यभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं आणि मरायला महिना निवडला हा.

आमच्यात शवपेटीला खांदा शेजाऱ्यांनी द्यायचा, जवळच्या सहा घरांनी. पण समुद्राच्या बांधाखालची ती सहाही घरं ह्याच पठ्ठ्याने दलाली करून फक्त उन्हाळ्यात सुट्टीला येणाऱ्या हॅम्बुर्गवाल्यांच्या घशात घातलेली. त्यातलं एक त्याच्या बापाचं. तिथे मी भाड्याने राहायचो. मला बाहेर काढताना म्हणाला होता, "हार्क, घर गेलं म्हणून शेजार तुटतो का?" वर पाठीवर थाप. मी गावाबाहेर, मेंढ्यांच्या गोठ्यामागे दोन खोल्यांत आलो.

त्याच्या बायकोने, विबकेने, सहाही मालकांना फोन केले. कुणी फुलं पाठवली. एका बाईने विचारलं, दफन जुलैत नाही का ठेवता येणार, तेव्हा आम्ही असतोच. एकाला तर केटेल म्हणजे आपला माळी वाटला. ज्यांच्यापुढे जन्मभर कंबरेत वाकला, त्यांच्या लेखी ही किंमत! मला ऐकून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू?

मग विबके माझ्या दारात आली. चाकांच्या गाडीवरून नवऱ्याला न्यायला ती तयार नव्हती. बेवारशाला नेतात तसं.

"तू आमचा शेजारी होतास," ती म्हणाली.

"होतो. तुझ्या नवऱ्याने ते मिटवलं."

ती रडली नाही, गेलीही नाही. माझी बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा हीच रोज सूप घेऊन यायची, तेही असंच, न बोलता. मी कोट घातला.

आळीतून उठवलेले आणखी पाच जण गोळा केले. सगळ्यांनी केटेलचा मनसोक्त उद्धार केला आणि काळे कपडे चढवले. भलताच जड होता लेकाचा. बंद खिडक्यांसमोरून आम्ही सहा म्हातारे धापा टाकत त्याला चर्चपर्यंत घेऊन गेलो. एकही पडदा हलला नाही.

माती टाकून झाल्यावर विबकेने माझी बाही धरली.

"हार्क, माझ्या वेळी कोण येणार?"

केटेलचंच ते 'शेजार तुटतो का' कधीतरी त्यांच्याच तोंडावर फेकायचं म्हणून मी कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं. ते जिभेवर आलं, पण मी गिळलं.

"माझ्याआधी मर," मी म्हणालो. "मग मी आहे."

ती खरंच विचारात पडली.