कॉकसच्या कार्डावरची दुसरी सही

कोशाच्या कचेरीत एक नियम कडक होता: शब्दाच्या प्रत्येक कार्डावर दोन सह्या. एक लिहिणाऱ्याची, दुसरी मूळ पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्याची. नियम मुख्य संपादक असलेल्या मामंजींचाच. म्हणून ‘कॉकस’चं कार्ड हाती आलं तेव्हा तिथेच काम करणाऱ्या सुनेच्या मनात पाल चुकचुकली.

कॉकस म्हणजे पक्षातल्या मोजक्या लोकांची बंद दाराआडची बैठक. हा अमेरिकेतला इंग्रजी शब्द जहाजाच्या फळ्यांतल्या फटी बुजवणाऱ्या कामगारांवरून आला, असं मामंजींनी ठोकून दिलं होतं. खाली दुसरी सही सासूबाईंची. पुराव्याची जागा मात्र कोरी.

मामंजींचे वडील गोदीत फटीच बुजवायचे. "आमच्या बापाच्या डांबरातून राजकारणाचा शब्द निघाला!" हे आख्यान घरात तीस वर्षं लागत होतं.

सुनेने चार जाडजूड कोश पालथे घातले. कुणी कामगार म्हणतं, कुणी तिकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला ‘सल्लागार’. पक्का पुरावा कुणाकडेच नाही.

"नेमकं हेच कार्ड बरं सापडलं तुला?" मामंजी चष्म्यावरून बघत म्हणाले. "माझ्या खुर्चीवर डोळा आहे वाटतं."

"डोळा कार्डावर आहे, मामंजी. संध्याकाळी पानं छपाईला जातील. निवृत्तीआधीची तुमच्या नावाची शेवटची आवृत्ती."

"म्हणूनच विचारतोय!"

ती पाणी पिऊन परतली, तर मामंजी आणि त्यांचा डबा घेऊन आलेल्या सासूबाई यांची कुजबुज एकदम थांबली. झालं, आपल्याला काढणार, तिला वाटलं.

सासूबाईंनी हात पुढे केला. "दे ते कार्ड." आणि आपल्या सहीवर सरळ रेघ ओढली. "मी काही पाहिलं नव्हतं."

"अगं, पण सही—"

"तुम्ही पुढे केलंत, मी केली. तांदळातले खडे निवडते, तुमच्या कार्डातले कोण शोधणार?"

कोऱ्या जागेवरून मामंजींनी हळूच बोट फिरवलं. मग कामगारांची ओळ खोडून लिहिलं: ‘व्युत्पत्ती अनिश्चित.’ कार्ड सुनेकडे सरकवलं.

"घे, कर दुसरी सही."

"आधी वाचते."

"दोन शब्दांवरसुद्धा संशय?"

"नियम तुमचाच."

"माझा कसला," ते म्हणाले, "बाबांचा. फट बुजवली की दुसऱ्याला बोट फिरवून बघायला लावायचे. मगच जहाज पाण्यात."