निम्मं गुलाबी मीठ

दादाच्या दुकानात खारवलेलं मांस मिळायचं आणि त्याची धाकटी बहीण त्याच मांसावर पीएच.डी. करत होती. पदवीचा अजून पत्ता नव्हता, तरी दादा तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा आणि गिऱ्हाइकांपुढे मिरवायचा. मांस टिकवणारं, नायट्राइट घातलेलं गुलाबी मीठ किती कमी केलं तर चालतं, हा तिचा विषय. तिनं ते निम्मं केलं, मांसात मुद्दाम जंतू सोडले आणि दर आठवड्याला मोजत बसली. चार आठवडे जंतूंचा आकडा जागचा हलला नाही.

बारा आठवडे पुरे होईपर्यंत कुठे बोलायचं नाही, असं मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. पण वहिनीला सातवा महिना लागला होता. गुलाबी मिठाबद्दल काहीबाही वाचून तिनं दुकानातलं मांस सोडलं होतं, आणि जीव तर त्यातच अडकलेला. "निम्म्या मिठाचं खा गं," डॉक्टरीणबाईंनी जेवताना सांगून टाकलं. "मी स्वतः मोजलंय."

दादानं हौसेनं एक मांडी वेगळी खारवली, काप करून दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवली, फक्त बायकोसाठी.

प्रयोगशाळेतला फ्रिज चार अंशांवर असतो आणि त्याला फारसं कुणी हात लावत नाही. दुकानातला दिवसातून शंभरदा उघडतो, आतला गारवा टिकत नाही. तीन वर्षं या विषयात डोकं घालून बसलेली बाई नेमकं हेच विसरली. एखादा अडाणी माणूस विसरला नसता, कारण त्याच्याजवळ भरवसा ठेवायला आकडे नसतात.

महिनाभरानं वहिनीला ताप भरला आणि दोन दिवसांत मूल पोटातच गेलं. रक्ताच्या तपासणीत जंतूचं जे नाव आलं, ते डॉक्टरीणबाईंनी प्रबंधात दोनशे वेळा तरी टाइप केलं असेल.

दादा रडला नाही. दुकान बंद करून त्यानं फ्रिजमधली दोन्ही प्रकारची पाकिटं तिच्याकडे आणून दिली. "तपास. माझ्या दुकानात घाण होती का, तेवढं सांग. दुसऱ्या कुणाचं मला पटायचं नाही."

मंगळवारी सकाळी तिनं जंतू वाढवायच्या काचेच्या थाळ्या बाहेर काढल्या. पुऱ्या मिठाच्या मांसाच्या थाळीवर जंतूंचे तीन निळे-हिरवे ठिपके होते. निम्म्या मिठाच्या थाळीवर बोट ठेवायला जागा नव्हती. काप काढायचं यंत्र तेच, फ्रिज तोच, हात दादाचेच. फरक फक्त मिठाचा, म्हणजे तिच्या शब्दाचा. इतका स्वच्छ निकाल तिला तीन वर्षांत मिळाला नव्हता. 

संध्याकाळी ती दुकानात गेली तेव्हा दादा यंत्राचा एकेक भाग सुटा करून घासत होता.

"सापडले?" त्यानं विचारलं.

"सापडले."

पुढचं तिच्या तोंडून निघालं नाही. दादानं मान हलवली आणि पुन्हा घासायला घेतलं. खोटं ती एक अक्षर बोलली नव्हती, पण भेकडपणाला दर वेळी खोटं लागतंच असं नाही.

मग तीन दिवस तिला अन्न गेलं नाही. शुक्रवारी ती पुन्हा गेली. दादा गुडघ्यांवर बसून दात घासायच्या ब्रशनं फरशीच्या फटी खरवडत होता. ब्लीचनं त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

"दादा, ठेव तो ब्रश. जंतू थोडे होते रे, सगळ्याच दुकानांत असतात. ते वाढले निम्म्या मिठामुळे. मी चालतं म्हणाले म्हणून. यात तुझा दोष नाही."

त्यानं ब्रश खाली ठेवला.

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"मंगळवारी घरी जाऊन मी तुझ्या वहिनीला सांगितलं, माझ्याच दुकानात निघालं म्हणून," दादा म्हणाला. "तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही."