जावयानं दिलेलं कार्ड

वेंडल हीबर्टनं कॅनडातल्या विनिपेगच्या रस्त्यांवरचा बर्फ एकतीस वर्षं उपसला. निवृत्त झाल्यावर माणसानं काहीतरी वेगळं करावं, म्हणून आता तो घरात बसून कॉम्प्युटरवर बर्फ उपसायचा.

या खेळात त्याच्या जोडीला लाइल, ऑर्व्हिल आणि बॉयचुक होते. चौघेही एकाच डेपोतले. लाइल व्हिक्टोरियाला राहायला गेला, ऑर्व्हिल अ‍ॅरिझोनाला. दोघेही बर्फाला कंटाळून. दर रविवारी दुपारी दोन वाजता चौघे आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून एका डोंगरी घाटात जमत आणि खोटा बर्फ खऱ्या शिव्या देत बाजूला सारत. बायको गेल्यापासून वेंडलच्या आठवड्याला ही एकच खुंटी होती. बाकीचे सहा दिवस तिच्यावर टांगलेले असत.

जानेवारीत खेळाची नवी आवृत्ती आली. तिच्यात बर्फाचा कण न् कण वेगळा पडतो म्हणे. वेंडलकडे तो पडेनाच. चित्र थांबायचं, मग एकदम पुढचं यायचं. लग्नाचा अल्बम चाळावा तसा तो घाट चाळत होता. त्या भरात दोनदा त्यानं लाइलची गाडी दरीत ढकलली.

"म्हाताऱ्या, तू आता नुसता बघत बस," लाइल म्हणाला. "तुझी गाडी फ्लॉरेन्सचा भाऊ चालवील."

फ्लॉरेन्स ही लाइलची बायको. तिचा भाऊ टोरांटोचा, म्हणजे विनिपेगच्या हिशेबी बर्फ न पाहिलेला. टोरांटोच्या माणसाच्या हाती बर्फ द्यायचा, हे वेंडलच्या फार जिव्हारी लागलं.

"पुढच्या रविवारपर्यंत नवं ग्राफिक्स कार्ड बसवतो," तो म्हणाला. "कुठलं घेऊ तेवढं सांगा."

"तीन पंख्यांचं घे," बॉयचुक म्हणाला. "त्याशिवाय मजा नाही."

"तुझ्याकडे किती पंखे?"

"एक."

"माझ्यासारखंच घे," ऑर्व्हिल म्हणाला. "चुकलं तर दोघांचं चुकेल."

खेळाचं चित्र पळवणारं आणि पंख्यानं गार राहणारं असं मशीनमध्ये होतं ते कार्ड जावयानं दिलेलं. हा जावई, रोडेल मागबानुआ, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी दुकानांतून कार्डं गायब झाली होती, तेव्हा नाताळाआधी उणे तीसच्या थंडीत चार तास रांगेत उभं राहून त्यानं ते मिळवलं आणि स्वतः येऊन बसवून दिलं. वेंडलच्या मते त्या कार्डानं चित्रात तिळभरही फरक पडला नव्हता. पण जावयाच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत एवढी शिस्त त्याच्याकडे होती. ती नावं तो फक्त बॉयचुककडे ठेवायचा.

शनिवारी सकाळी त्यानं कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळला, मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि दुकान गाठलं. तिथं काउंटरवर बर्नाडेट सिंक्लेअर होती. वय पन्नाशीचं, चष्मा कपाळावर.

"ते तीन पंख्यांचं द्या," वेंडल म्हणाला. "कॉम्प्युटरची पेटी आतून मोजून आणलीय. मावतं."

"आणि आत्ता आत काय आहे?"

"कचरा." मग त्याला वाईट वाटलं. "जावयानं दिलंय. मनानं फार चांगला आहे हो."

बर्नाडेटनं पेटीचं झाकण काढलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"हा कचरा मी घरी वापरते."

"मग तुमच्याकडेही चित्र थांबत असेल."

"नाही थांबत. घरी वायरी जशा जोडता तशा जोडून दाखवा बघू."

वेंडलनं सराईतपणे सगळ्या वायरी जोडल्या. शेवटी पडद्याची वायर पेटीच्या मागच्या बाजूला, वरच्या खाचेत खोचली. बर्नाडेटनं आधी वायरीकडे पाहिलं, मग छताकडे.

"ही वर कुणी लावली?"

"मीच. जावयानं खाली लावली होती. तो गेल्यावर मी टेबल खिडकीशी सरकवलं, तेव्हा सगळं काढून पुन्हा लावलं. वर लावायला वाकावं लागत नाही."

"अहो, वरची खाच मशीनची स्वतःची आहे. पत्रं लिहायला पुरते. कार्डाची खाच ती खालची. तुमचं कार्ड तीन वर्षं नुसतं बसून आहे."

"बसून?"

"बसून. वीज मात्र खातंय."

"आमच्या डेपोत असे दोघे होते," वेंडल म्हणाला.

तिनं वायर खालच्या खाचेत लावली आणि खेळ सुरू केला. घाट आला. बर्फ पडायला लागला. एकेक कण वेगळा, आपापल्या घाईनं.

"चार तास उभा होता हो तो," वेंडल म्हणाला. "आणि मी त्याला नावं ठेवली."

"तोंडावर?"

"नाही, बॉयचुककडे."

"म्हणजे आता दोघांना सांगायला हवं."

"तुम्ही मला ते तीन पंख्यांचं खुशाल विकू शकला असता."

"आणि तुम्ही घरी जाऊन वायर वरच लावली असती. सोमवारी येऊन माझ्यावर ओरडला असता. माझ्या डोक्याला ताप."

वेंडलनं तिचे दोनदा आभार मानले आणि तिथूनच जावयाला फोन लावला.

"रोडेल, ते कार्ड फार सुंदर आहे बरं का."

"डॅड, ते मी तीन वर्षांपूर्वी दिलं होतं."

"मी घाईनं मत देत नाही."

पण पुढे त्याला रेटवेना. टेबल, वायर, वाकणं, बॉयचुक, सगळं त्यानं सांगून टाकलं. रोडेल एवढा हसला की मागून वेंडलची लेक कार्ला ओरडली, "काय झालं? पडलेबिडले का ते?"

"रागावलास?" वेंडलनं विचारलं.

"छे हो. मला वाटायचं, तुम्हाला कार्ड आवडलं नाही म्हणून तुम्ही कधी विषय काढत नाही. बरं वाटलं."

"त्या वेळी स्वतःला कुठलं घेतलंस रे?"

"एका माणसाला एकच देत होते, डॅड. माझं जुनं आहे की. चालतंय, जरा अडखळत."

वेंडलनं त्या तीन पंख्यांच्या कार्डाकडे पाहिलं. बर्नाडेट उगाचच पावतीपुस्तक चाळू लागली.

"रोडेल, ऊठ. पट्टी घे आणि तुझ्या पेटीची आतली लांबी मोज."

"कशाला?"

"सासऱ्याला प्रश्न विचारू नये. आणि तुझी वायर कुठं लावलीयस?"

"खाली."

"शाबास."

रोडेलच्या पेटीत तीन पंखे मावत नव्हते. बर्नाडेटनं दोन पंख्यांचं काढलं. वेंडलनं ते उलटसुलट करून पाहिलं, आणि ते घेऊन तो थेट लेकीच्या घरी गेला. तिथं जेवला, आणि जावई ते बसवत असताना त्याच्यावर बॅटरी धरून उभा राहिला.

रविवारी दोन वाजता लाइलनं विचारलं, "काय मग, फ्लॉरेन्सच्या भावाला बोलावू?"

"बोलाव. बर्फ कसा पडतो ते बघेल बिचारा." मग खेळ सुरू व्हायच्या आत वेंडलनं तिघांनाही सगळं सांगितलं. आपला गाढवपणा थोडक्यात, रोडेल सविस्तर. बॉयचुककडे ठेवलेली नावं एकेक करून परत घेतली.

"अरे, आपण बर्फ उपसायला जमलोय की तुझ्या जावयाचं कौतुक ऐकायला?" ऑर्व्हिल वैतागला.

"दोन्ही होईल," वेंडल म्हणाला, आणि गाडी पहिल्या वळणावर घातली.