थोडीशी कणकण

"अंग तापलंय रे राजा, आज कुठं जाऊ नकोस, माझ्यापाशी नीज."

आईचा हा आवाज मास्तरांच्या कानात अजून तस्साच होता. मास्तरांचे केस पिकले, पण आवाज काही पिकला नाही.

मास्तर म्हणजे शिंपी. नाक्यावरच्या दुकानात तोंडात टाचण्या धरून मशीनवर बसलेले. समोर कमरेवर हात ठेवून उभी त्यांची लेक, दवाखान्यातली नर्स. गावाच्या दुसऱ्या टोकाहून आलेली, फ्लूची लस टोचून घ्यायला चला म्हणून हटून बसलेली.

"कोरोनात घेतली ना लस?" टाचण्यांमधून मास्तर म्हणाले.

"ती त्या रोगाची, बाबा. ही फ्लूची. आणि दरवर्षी घ्यायची."

"दरवर्षी! बरा धंदा आहे."

"वाढत्या पोराला गेल्या वर्षीचा सदरा बसतो का? फ्लूचंही तसंच. तो रूप बदलतो, मग लसही नव्या मापानं शिवावी लागते."

माप बिनचूक बसलं होतं. मास्तरांनी चिडून पायडल मारलं.

"मास्क होते तोवर दबून होता, आता मोकाट सुटलाय. मागच्या थंडीत छाती कशी घरघरत होती तुमची! या वयात न्यूमोनिया झाला म्हणजे?"

"मला सुईची भीती वाटते."

पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक फिसकन हसलं.

"काही होत नाही," लेक म्हणाली. "फार तर दिवसभर दंड दुखेल, थोडीशी कणकण येईल."

मशीन थांबलं.

"कणकण? निजून राहावं लागेल, इतकी?"

"छे हो."

"कुणी कपाळाला हात लावून बघावं, इतकी तरी?"

लेकीचे कमरेवरचे हात खाली आले. गिऱ्हाइकानं पँट काखेत मारली आणि गुपचूप काढता पाय घेतला.

मास्तरांनी टाचण्या काढून एकेक करून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. मग सदऱ्याची बाही वर दुमडत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "सगळं जग तोंड झाकून बसलं, तेव्हा मला शिंकसुद्धा आली नाही. तूही आली नाहीस. तुला ड्युटी होती, मला ठाऊक आहे. मग फ्लू आला, तशी तू आलीस, उशाशी बसलीस, कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्यास. आता लस घेऊन मी खडखडीत राहिलो, तर तू कशाला येशील गं?"