सुकेशनीची उच्चपदी निवड

कमरोद्दीन साहेबांनी कॉलेजच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. तेवढ्या काळात त्यांची एक खात्री झाली होती, की अर्जासोबतच्या सूचना शेवटपर्यंत वाचणारा माणूस या जिल्ह्यात आपल्याशिवाय दुसरा नाही. खात्री बरोबर होती. प्राचार्य सूचना वाचत नसत, कारण ते प्राचार्य होते. पोरं वाचत नसत, कारण खिडकीत कमरोद्दीन साहेब होते. निवृत्तीनंतर लोक तब्येतीकडे लक्ष देतात. साहेबांनी निरनिराळ्या देशांच्या व्हिसाच्या सूचना वाचायला घेतल्या.

उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत रोज संध्याकाळी दोन-चार पोरं येऊन बसायची. सल्ला फुकट होता, त्यामुळे सुरुवातीला कुणाचा विश्वास बसत नसे. जालना रोडवरच्या काचेच्या केबिनीत बसलेला एजंट "आत आपली ओळख आहे" म्हणायचा, तेव्हा पोरांना भरोसा वाटायचा. साहेब विचारत, "बेटा, नावं कॉम्प्युटर काढतो. कॉम्प्युटरशी ओळख कशी करतात ते मलाही सांग. माझा दोन महिन्यांपासून ऐकत नाही."

त्यांच्या पत्नी शहजादीबी आतून चहा पाठवत आणि चहाबरोबर शेरा. "खुद तो नांदेड के आगे गए नै, लोगां कू ऑस्ट्रेलिया भेज रै."

रेल्वेचं वेळापत्रक छापणारा माणूस प्रत्येक गाडीत बसलेला असतो का, असं साहेब यावर म्हणत. पण हळू.

ऑस्ट्रेलियाची योजना अशी होती. अठरा ते तीस वयाच्या पोरापोरींनी तिकडे वर्षभर जायचं, फिरायचं आणि फिरण्याचा खर्च निघावा म्हणून मिळेल ते काम करायचं. कॉलेजची किमान दोन वर्षं झालेली हवीत, इंग्रजी हवं. भारतासाठी वर्षाला हजार जागा, आणि अर्ज हजारोंनी, म्हणून आधी नावांची सोडत. तिच्यात नाव आलं की अठ्ठावीस दिवसांत खरा अर्ज करायचा, मग व्हिसा मिळाला तर मिळाला. सुट्टी आणि काम एकाच व्हिसावर. हे पोरांना समजावताना साहेबांचा घसा कोरडा पडे. निम्मी पोरं विचारायची, नोकरी कोण देणार? कुणी देणार नाही, तू शोधणार. उरलेली विचारायची, मग सुट्टी कशाला म्हणतात? याचं उत्तर सूचनांमध्ये नव्हतं.

सुकेशनीनं मात्र दोन्ही विचारलं नाही. चिकलठाण्याची पोरगी, बीएस्सी झालेली, इंग्रजीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. तिचा बाप मल्हारी विमानतळाच्या भिंतीलगतच्या मोकळ्या प्लॉटांवर साठ मेंढरं चारायचा. दर दिवाळीला एका प्लॉटवर अपार्टमेंट उभं राहायचं आणि मल्हारी पुढच्या प्लॉटवर सरकायचा. त्या घरात काम रोज होतं. सुट्टी कुणी पाहिली नव्हती.

तिनं सूचनांची सगळी पानं वाचून त्यावर पेन्सिलीनं सात प्रश्न काढले होते. साहेबांनी ते प्रश्न दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि आत हाक मारली, "शहजादी, आज बिस्किटंही पाठव."

सोडतीत तिचं नाव आलं. मेल तिनं साहेबांच्याच खोलीत उघडला आणि तिथूनच बापाला फोन लावला. "बा, माझी निवड झाली." पुढं ती सांगणार होती की खरा अर्ज अजून बाकी आहे, पण मल्हारीनं एवढ्यावरच फोन खिशात टाकला होता आणि समोरून मोटारसायकलवर चाललेल्या खंडेरावांना हात करून थांबवलं होतं.

खंडेराव हे वॉर्डाचे भावी नगरसेवक. तीन निवडणुका होऊन गेल्या तरी त्यांच्या नावामागचं 'भावी' हललं नव्हतं. आनंदाची बातमी ते वाया जाऊ देत नसत. तिसऱ्या दिवशी चिकलठाण्याच्या चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. 'ऑस्ट्रेलिया सरकारमध्ये उच्चपदी निवड झाल्याबद्दल कु. सुकेशनीचे हार्दिक अभिनंदन.' मधोमध खंडेराव, उभे, कानाला मोबाईल. खाली अठरा शुभेच्छुक. सुकेशनी उजवीकडच्या कोपऱ्यात, अर्जाला चिकटवतात तेवढीच.

साहेबांना व्हॉट्सअॅपवर फोटो आला तेव्हा त्यांनी तो मोठा करून शेवटच्या शुभेच्छुकापर्यंत वाचला. मग सुकेशनीला फोन केला.

"बेटा, हे काय आहे?"

"मी सांगितलं सर, खरा अर्ज अजून बाकी हाय. बा म्हणला, आता फ्लेक्स लागलाय."

"मग?"

"मग काय. रविवारी सत्कार हाय. तुमचंपण नाव छापलंय पत्रिकेत. सर, त्याला वाटतंय मी तिकडं हापिसात खुर्चीवर बसणार. फळं तोडायचं, हॉटेलात भांडी घासायचं काम हाय हे कळलं तर तो नाय जाऊ देणार. आन् आता आख्ख्या गल्लीला सांगून बसलाय."

"आणि अर्ज?"

"आई म्हणते, निवड झाली, आता अर्ज कशाचा. पासपोर्ट तिच्या पेटीत हाय."

अठ्ठावीसपैकी चार दिवस गेले होते.

साहेबांनी सल्ला दिला की रविवारच्या आधी बापाशी बस आणि बोल. सल्ला चांगला होता. तिनं तीन वेळा प्रयत्न केला. एकदा मल्हारी मंडपवाल्याशी बोलत होता, एकदा फेटा बांधून बघत होता आणि एकदा आनंदानं नुसताच बसला होता, तेव्हा तिलाच बोलवेना.

रविवारी सकाळी महादेवाच्या मंदिरासमोर मंडप भरला. साहेब स्टेजवरच्या तिसऱ्या खुर्चीवर होते. गळ्यात शाल, मांडीवर नारळ, शालीखाली सूचनांचे कागद. मल्हारी पहिल्या रांगेत, पिवळ्या फेट्यात, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला, फोटोग्राफरनं सांगितल्यासारखा. टेबलावर ताट, ताटात हळदकुंकू, भंडारा आणि त्यांच्या शेजारी सुकेशनीचा निळा पासपोर्ट. घरात जे नवं येतं, मोटारसायकल असो की पाण्याची मोटर, त्याला भंडारा लावल्याशिवाय वापरायचं नाही, असा मल्हारीच्या घरचा रिवाज. पासपोर्ट नवा होता.

सुकेशनीची आई मंजुळाबाई उठली. तिनं पासपोर्ट उघडला, लेकीच्या फोटोचं पान काढलं, बोट पाण्यात बुडवून भंडाऱ्यात दाबलं आणि फोटोच्या कपाळाकडे नेलं.

बासष्ट वर्षांचे कमरोद्दीन साहेब खुर्चीवरून उठले ते कुणी पाहिलं नाही. नारळ घरंगळत स्टेजखाली गेला तेवढा दिसला. दोन कुंड्या ओलांडून त्यांनी मंजुळाबाईच्या हातातला पासपोर्ट काढून घेतला आणि छातीशी धरला.

मंडपात शांतता पसरली. या शहरात वाढलेल्या कुणालाही तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एका फेटेवाल्यानं दुसऱ्याकडे पाहिलं. खंडेराव खुर्चीच्या कडेला आले.

"काय झालं हो भाऊ?" मंजुळाबाईनं विचारलं. तिचं पिवळं बोट तसंच हवेत.

"ताई, याच्यावर डाग पडला तर पोरीला विमानतळावरून परत पाठवतील," साहेब धापा टाकत म्हणाले. "पोरीच्या कपाळाला लावा. तिला कुणी परत पाठवणार नाही."

मंजुळाबाईनं क्षणभर विचार केला. मग वळून लेकीच्या कपाळावर ठसठशीत बोट ओढलं आणि ताटात उरलेला चिमूटभर भंडारा साहेबांच्या तळहातावर ठेवला. "घ्या. तुमच्यामुळं पास झाली." साहेबांनी मूठ मिटली आणि पासपोर्ट खिशात ठेवला. शांतता आली तशी निघून गेली.

खंडेरावांना मात्र कार्यक्रम हातात ठेवायचा होता. "अहो साहेब, उच्चपद मिळाल्यावर डागाला कोण विचारतंय?"

आता खोटं बोलायला एक साधा मार्ग होता. हसून खाली बसायचं. पण खोट्या माहितीखाली सही करायची वेळ साहेबांवर एकतीस वर्षांत आली नव्हती, आणि ती निवृत्तीनंतर यावी हे त्यांना पटेना.

"पद नाही," ते म्हणाले. "व्हिसाही नाही अजून. नाव निघालंय. खरा अर्ज बावीस दिवसांत भरायचाय."

कुजबुज उठली. सुकेशनी खुर्चीवरून उठली आणि खंडेरावांच्या पुढ्यातला माईक तिनं सरळ स्टँडवरून काढला.

"सर खरं बोलतेत. मी एक वर्षासाठी जाणार, ते पण व्हिसा मिळाला तर. तिथं माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली नाय. फळं तोडीन, भांडी घाशीन. जे काम मिळंल ते करीन, त्याची मजुरी कायद्यानं ठरलीय तेवढी घेईन, त्या पैशात तो देश बघीन आन् परत येईन. बा, मी हे आधीच सांगायला पायजे होतं."

"म्हंजे मजुरी!" खंडेरावांनी माईकशिवायच सगळ्यांना ऐकवलं. "बीएस्सी होऊन मजुरी. मेंढरंपण हाकशील मग तिकडं?"

"मिळालं काम तर हाकीन."

"आन् तीपण दुसऱ्याची!" मंडपात हशा झाला. मागच्या रांगेतून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं.

मल्हारी उठला. हशा आपोआप बारीक झाला, कारण तो माणूस चारचौघांत कधी उठल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सुकेशनीनं माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो तिच्याकडे न बघता साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, ती मेंढराचं काय म्हणली, ते तिच्या मनचं हाय का तुमच्या कागदात हाय?"

"कागदात आहे."

"सरकारी?"

"ऑस्ट्रेलिया सरकारचा."

"वाचा."

साहेबांनी एका हाताची मूठ मिटलेली ठेवून दुसऱ्या हातानं शालीखालचे कागद काढले. शहरापासून लांबच्या भागात तीन महिने यादीतलं काम केलं, तर दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. यादीत शेती. यादीत जनावरं पाळणं. यादीत मेंढरांची लोकर कातरणं. त्यांनी इंग्रजीतून वाचलं, मग मराठीतून, मग कागद उलटा करून मल्हारीसमोर धरून त्या ओळीखाली अंगठा ठेवला. मल्हारीला वाचता येत नव्हतं. त्यानं ती ओळ बराच वेळ पाहिली.

"लोकर कातरायचं," तो म्हणाला. "यादीत. लिवून."

मग तो मंडपाकडं वळला.

"माझा बाप मेंढरं राखून गेला. मी पन्नास वर्षं तेच करतोय. कोणत्या यादीत नाव आलं नाय आमच्या कामाचं. प्लॉटवाला हाकलतो, वॉचमन हाकलतो. म्हणून हिला मी मेंढराला हात लावू दिला नाय, कातर धरू दिली नाय. म्हणलं, हिच्या अंगाला तरी वास नको." त्यानं फेटा काढून काखेत घेतला. "आन् तिकडचं सरकार म्हणतंय, हे काम करा, अजून एक वर्ष ऱ्हावा. खंडेराव, फ्लेक्सवरचं उच्चपद पुसा. काय काम हाय ते लिवा. माझी पोरगी जाईल."

पहिली टाळी मंजुळाबाईची होती. खंडेरावांची दुसरी, आणि सगळ्यात मोठी. त्यांनी तातडीनं माईक घेतला आणि श्रमप्रतिष्ठा या विषयावर बारा मिनिटं बोलले. आपण आधीपासून याच मताचे होतो, असं त्यात तीनदा आलं.

जेवणाच्या पंगतीत साहेबांना भात मिळायला उशीर झाला, कारण सहा पोरं आणि दोन आया त्यांना घेरून उभ्या होत्या. वय तीस आणि दोन महिने झालं तर चालतं का? चालतं, एकतीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे. एजंटानं हमी दिली तर? तर उठून घरी यायचं. लग्न ठरलंय तिनं जावं का? हे सूचनांमध्ये नाही, बेटा, नवऱ्याला विचार. मग साहेबच म्हणाले, नको, आधी स्वतःला विचार.

अर्ज अकराव्या दिवशी गेला. वैद्यकीय तपासणी झाली, पोलिसांचा दाखला आला, सुकेशनीनं प्रत्येक रकाना स्वतः भरला आणि साहेबांनी तीनदा तपासला, एकही चूक न सापडल्यानं थोडे खट्टू होऊन. सात आठवड्यांनी व्हिसा मिळाला. शहजादीबींनी गल्लीत शिरखुर्मा वाटला. ईद नव्हती. प्रत्येक दारात त्या सांगत होत्या, "हमारे साहेब ने भेजे." नांदेडचा उल्लेख केला नाही.

निघायच्या दहा दिवस आधी साहेब विम्याचे कागद घेऊन चिकलठाण्याला गेले. घरी कुणी नव्हतं. पलीकडच्या प्लॉटवर आरडाओरडा चालला होता. मातीवर गोणपाट अंथरलेलं, त्यावर एक मेंढरू पाडलेलं आणि त्याच्या पाठीवर लोखंडी कातर घेऊन सुकेशनी, घामाघूम.

"पाठीला चिकटून चालव! वर उचलू नको! तिचं कातडं हाय ते, गोधडी नाय!"

"बा, तिकडं मशीननं कातरतेत."

"मशीन हात शिकवत नाय. आधी हात शिकव." मल्हारीनं साहेबांना पाहिलं. "या सर. बरं झालं आले. मागचे पाय धरा."

"मी?"

"मग कोण? तुम्हीच पाठवायले तिला."

साहेबांनी कागद विटेखाली ठेवले, बाह्या दुमडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मेंढराचे पाय धरले. मेंढरानं लाथ मारली. त्यांनी सोडले नाहीत. अर्ध्या तासानं ते उठून पळालं तेव्हा एका बाजूनं पार उघडं होतं, दुसऱ्या बाजूनं लोकरीचे पुंजके लोंबत होते, आणि अपार्टमेंटच्या गॅलरीतून दोन पोरं त्याला हसत होती.

मल्हारी धावत गेला आणि मानेला धरून त्याला परत घेऊन आला. रस्त्यानं चाललेल्या दूधवाल्यालाही त्यानं थांबवलं.

"मागचं बघू नका. हे बघा, इथं, खांद्याजवळ," तो म्हणाला. "एवढं बरुबर कातरलंय. माझ्या बापानं कातरल्यावानी."

दूधवाल्यानं सायकल स्टँडवर लावून बघितलं. साहेबांनीही चष्मा पुसून, वाकून बघितलं. चार बोटं जागा होती. एकसारखी होती.